नाव मिळालं, निर्णय नाही: सोव्हिएत संघातले मुस्लिम आणि 'राष्ट्रीयते'चा रकाना

डाव्या मित्रांशी अल्पसंख्याकांच्या प्रश्नावर बोलायला बसलं की थोड्याच वेळात सोव्हिएत संघ निघतोच. 'तिथे उझबेक, ताजिक, तातार, कझाक, शंभराच्या आसपास समूह होते. प्रत्येकाला नाव मिळालं, भाषेच्या शाळा मिळाल्या, नाटकगृहं मिळाली, कित्येकांना स्वतःचं प्रजासत्ताक मिळालं. सांगा, दुसऱ्या कुठल्या देशाने अल्पसंख्याकांना एवढं दिलं?' आणि दुसऱ्या बाजूला आपल्याच मोहल्ल्यात, जुम्म्याच्या नमाजनंतरच्या गप्पांत याच विषयाचा निकाल एका वाक्यात लागतो: 'कम्युनिस्ट म्हणजे दीनचे दुश्मन, त्यांनी मशिदींना कुलपं ठोकली, विषय संपला.'

दोन्ही बाजूंच्या हाती सत्याचा एकेक तुकडा आहे. पहिली बाजू शाळा मोजते आणि ती शाळा काढणाऱ्या शिक्षकांना गोळ्या कुणी घातल्या हे विचारत नाही. दुसरी बाजू मशिदी मोजते आणि बाकीचं सगळं त्याखाली झाकून टाकते. आपल्यासारख्या तरुणांनी हा इतिहास या दोघांच्याही हवाली करू नये, कारण तो आपल्या कामाचा आहे.

माझं म्हणणं असं. सोव्हिएत राज्याने मुस्लिम समाजांना ओळख भरभरून दिली. त्या ओळखीचं काय करायचं, हे ठरवण्याचा अधिकार मात्र स्वतःकडे ठेवला. वरून दिलेली ओळख वरूनच बदलता येते, आणि वरूनच पुसताही येते. सत्तर वर्षांत या तिन्ही गोष्टी घडल्या.

आधी वचन, मग ताश्कंद

सुरुवात खरोखर भारावून टाकणारी होती, हे मान्य करायला हवं. नोव्हेंबर १९१७ मध्ये लेनिन आणि स्टालिन यांच्या सहीने रशियातल्या लोकसमूहांच्या हक्कांचा जाहीरनामा निघाला. त्यात स्वयंनिर्णयाचा हक्क होता, अगदी वेगळं होण्यापर्यंत. पाठोपाठ रशियातल्या आणि पूर्वेकडच्या कष्टकरी मुस्लिमांना आवाहन निघालं: तुमच्या श्रद्धा, तुमच्या चालीरीती यापुढे मुक्त आहेत. खलिफा उस्मान यांचा मानला जाणारा प्राचीन कुराण झारच्या काळात ताश्कंदच्या बाजूने उचलून पीटर्सबर्गला नेला होता. तो मुस्लिमांना परत करायचा निर्णय याच काळात झाला आणि काही वर्षांनी तो ताश्कंदला पोचला. झारशाहीत दुय्यम प्रजा म्हणून जगलेल्या माणसाला या गोष्टींचं काय मोल वाटलं असेल, ते आपल्याला समजू शकतं.

पण त्याच महिन्यांत ताश्कंदमध्ये काय चाललं होतं? तिथली सोव्हिएत रशियन रेल्वे कामगार आणि सैनिक यांच्या हातात होती. नोव्हेंबर १९१७ मध्येच त्यांनी ठरवलं की मुस्लिमांना सत्तेच्या वरच्या जागांवर घेता येणार नाही, कारण स्थानिकांत कामगारवर्गाच्या संघटना नाहीत आणि त्यांचा भरवसा नाही. ज्या मुलखात बहुसंख्य लोक मुस्लिम, तिथे क्रांतीचं सरकार मुस्लिमांशिवाय. तेव्हा मुस्लिम पुढाऱ्यांनी कोकंद शहरात स्वायत्त सरकार जाहीर केलं. जाहीरनाम्यात लिहिलेला हक्क त्यांनी अक्षरशः खरा मानला, एवढाच त्यांचा गुन्हा. फेब्रुवारी १९१८ मध्ये ताश्कंदच्या फौजेने कोकंद चिरडलं. शहर जळालं, हजारो माणसं मेली. स्वयंनिर्णयाचा कागद निघून तीन महिनेच झाले होते.

'स्थानिक लोकांची चूक, मॉस्कोने पुढे ती सुधारली' असं यावर उत्तर मिळतं. मॉस्कोने पुढे ताश्कंदच्या मंडळींचे कान उपटले, हे खरं आहे. म्हणून आता मॉस्कोतच बसलेल्या एका मुस्लिम कम्युनिस्टाची गोष्ट पाहू.

सुलतान गालियेवचा प्रश्न

मिरसईद सुलतान गालियेव हा तातार शिक्षक, १८९२ चा जन्म. १९१७ मध्ये बोल्शेविक झाला आणि स्टालिनच्या राष्ट्रीयता खात्यात वरच्या पदापर्यंत गेला. पक्षातला सर्वांत मोठा मुस्लिम नेता तोच. त्याचं म्हणणं साधं होतं: वसाहतीतले लोक अख्खेच्या अख्खे शोषित आहेत. रशियन कामगार सत्तेवर आला म्हणून तातार किंवा कझाक माणसावरचं ओझं आपोआप उतरत नाही. मालक बदलला तरी नातं तेच राहू शकतं. म्हणून मुस्लिम कम्युनिस्टांची स्वतःची संघटना हवी, आणि धर्माच्या बाबतीत घणाचे घाव घालण्याऐवजी समजुतीने, आतून काम करायला हवं.

हा माणूस मुल्ला नव्हता, जमीनदार नव्हता, क्रांतीचा विरोधक तर नव्हताच. त्याला १९२३ मध्ये अटक झाली, पक्षातून काढलं गेलं आणि त्याच्या विचारांविरुद्ध खास परिषद भरवली गेली. त्याच्या नावावरून 'सुलतानगालियेववाद' हा शब्दच तयार झाला आणि पुढची पंधरा वर्षं तो शब्द ज्याच्या फाइलवर पडला त्याचं काही खरं नव्हतं. १९२८ मध्ये पुन्हा अटक, जानेवारी १९४० मध्ये गोळी. निर्दोष ठरवलं गेलं ते १९९० मध्ये, म्हणजे ज्या राज्याने मारलं ते राज्य स्वतःच शेवटचे श्वास घेत असताना.

गंमत पाहा. ज्या एप्रिल १९२३ मध्ये पक्षाच्या बाराव्या अधिवेशनाने स्थानिक भाषा आणि स्थानिक कार्यकर्ते पुढे आणायचं धोरण मंजूर केलं, त्याच्या पुढच्याच महिन्यात सुलतान गालियेव तुरुंगात होता. दोन्ही गोष्टींत विसंगती नाही. स्थानिक चेहरे हवे होते. स्थानिक माणसाने स्वतः मांडलेला विचार नको होता. आपल्याकडे पक्षांच्या 'अल्पसंख्याक सेल'मध्ये काही काळ काढलेल्या कुणालाही हा फरक समजावून सांगावा लागू नये.

यादी आणि रकाना

१९२४ मध्ये मध्य आशियाचे नवे नकाशे काढले गेले. त्याआधी तिथल्या माणसाला 'तू कोण' असं विचारलं तर तो म्हणायचा मी मुसलमान, मी बुखाराचा, मी अमक्या टोळीचा. समरकंद आणि बुखारामध्ये घरात ताजिक आणि बाजारात तुर्की बोलणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. शहरात स्थिरावलेल्यांना 'सार्त' म्हणत. झारच्या १८९७ च्या जनगणनेत हे नाव होतं. सोव्हिएत तज्ज्ञांनी ते नाव रद्द केलं. सार्त उझबेक झाले. समरकंद आणि बुखारा उझबेकिस्तानात गेले आणि ताजिकांचं प्रजासत्ताक या दोन शहरांवाचून उभं राहिलं. या शहरांतल्या अनेक ताजिकभाषक घरांची नोंद उझबेक म्हणून झाली.

स्टालिनने १९१३ मध्येच राष्ट्राची व्याख्या करून ठेवली होती: समान भाषा, समान भूभाग, समान आर्थिक जीवन, आणि संस्कृतीतून दिसणारी समान मनोवृत्ती. चारही असतील तर राष्ट्र, एक कमी असेल तर नाही. या मापाने माणसं मोजली गेली. १९२६ च्या जनगणनेत दीडशेहून जास्त राष्ट्रीयता होत्या. १९३९ पर्यंत यादी शंभराच्या आसपास आली. मधल्या तेरा वर्षांत माणसं कुठे गेली नव्हती. त्यांची नावं दुसऱ्या नावांत विलीन केली गेली होती.

१९३२ मध्ये अंतर्गत पासपोर्ट आले आणि त्यात 'राष्ट्रीयता' हा रकाना आला. सरकारी अर्जांमध्ये तो पाचव्या क्रमांकावर असायचा, म्हणून लोक त्याला 'पाचवा रकाना' म्हणू लागले. सुरुवातीला माणूस स्वतः सांगेल ते लिहायचे. १९३८ पासून आईवडिलांची राष्ट्रीयता तीच मुलाची, असा नियम झाला. आईवडील वेगवेगळे असतील तर सोळाव्या वर्षी दोघांपैकी एक निवडायची. दोन्ही नाही, तिसरी नाही, आणि 'काहीच नाही' हेही चालणार नाही.

मी पोटापाण्यासाठी डेटाबेस बांधतो. टेबलमधला एखादा रकाना सक्तीचा केला आणि त्यात ठरलेल्या यादीतलंच उत्तर चालेल असा नियम घातला, की पुढे काय होतं हे माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खरी माणसं यादीत बसत नाहीत, पण अर्ज तर पुढे सरकायला हवा. मग माणूस जवळचा पर्याय निवडतो. वर्षभराने अहवाल निघतो आणि त्यात तो पर्याय हेच सत्य असतं. दहा वर्षांनी कुणाला आठवतही नाही की यादी कुणी बनवली होती. आणि एकदा का प्रत्येक माणसापुढे असा रकाना भरलेला असला, की त्यावरून माणसं शोधून काढायला फक्त एक हुकूम लागतो. तो हुकूम १९४४ मध्ये निघाला. त्याकडे येतोच.

एका आयुष्यात तीन लिप्या

समजा १९१५ च्या सुमाराला जन्मलेला एक उझबेक माणूस. लहानपणी मक्तबमध्ये अरबी लिपीत अक्षरं गिरवली. १९२६ मध्ये बाकूला तुर्की भाषांच्या अभ्यासकांची परिषद झाली आणि त्यानंतर लॅटिन लिपी आली. हा पोरगा पुन्हा पाटी घेऊन बसला. १९४० मध्ये लॅटिन रद्द, रशियन लिपी सुरू. पंचविशीत तिसऱ्यांदा निरक्षर.

लॅटिनच्या बाजूने तेव्हा बरेच तुर्की विचारवंत स्वतःहून होते, तुर्कस्ताननेही १९२८ मध्ये तेच केलं, हे नोंदवायला हवं. तो वाद निदान वाद तरी होता. दुसरा बदल मात्र वाद न होता झाला. १९३८ पासून सगळ्या शाळांत रशियन सक्तीची झालीच होती, लिपी तिच्यामागून आली. आजोबांचं पत्र नातवाला वाचता येईना. वडिलांनी तरुणपणी लिहिलेला लेखही वाचता येईना. साक्षरता वाढली हे खरं, आणि ते लहान काम नव्हतं: झारच्या मध्य आशियात शंभरात दहा माणसांनाही वाचता येत नव्हतं, दोन पिढ्यांत जवळपास सगळ्यांना येऊ लागलं. पण वाचायला शिकवलेल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या भूतकाळापुरतं निरक्षर करून ठेवलं, हेही त्याच हिशेबाच्या वहीत लिहावं लागेल.

आणि वही उघडलीच आहे तर कझाकांचंही लिहू. १९३० ते १९३३ या काळात भटक्या पशुपालकांना जबरदस्तीने सामूहिक शेतीत बसवताना, त्यांची जनावरं काढून घेताना जो दुष्काळ पडला त्यात कझाकस्तानात सुमारे पंधरा लाख माणसं मेली. एकूण कझाकांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त. त्यांच्या नावाचं प्रजासत्ताक होतं, त्यांच्या भाषेचं वर्तमानपत्र होतं. जनावरं नेऊ नका म्हणायची सोय तेवढी नव्हती.

सुधारणा कुणाची?

आता सर्वांत नाजूक मुद्दा, आणि आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा.

क्रांतीच्या कितीतरी आधी रशियातल्या मुस्लिमांत स्वतःची सुधारणा चळवळ उभी होती. क्रिमियातल्या बख्चिसरायचा इस्माईल गास्प्रिन्स्की याने १८८३ मध्ये 'तर्जुमान' हे वृत्तपत्र काढलं आणि पुढच्या वर्षी नव्या पद्धतीची शाळा. मुलींचं शिक्षण, भूगोल, गणित, मातृभाषेतून वाचन. १९१२ मध्ये तो मुंबईलाही येऊन गेला. त्याच्या मागून मध्य आशियात जी पिढी आली ती 'जदीद' म्हणून ओळखली जाते. फितरत, चोलपान, अब्दुल्ला कादिरी हे लेखक-कवी त्याच वाटेवरचे. मुल्लांनी यांना काफिर ठरवलं, अमिराने छळलं. तरी ही माणसं स्वतःच्या लोकांत राहून, स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या लोकांशी भांडत होती.

८ मार्च १९२७ रोजी पक्षाने 'हुजूम' सुरू केला. हुजूम म्हणजे हल्ला. चौकाचौकांत सभा, बायकांचे बुरखे, तिथल्या भाषेत परंजी, काढून ढिगाने जाळायचे. काही स्त्रिया मनापासून पुढे आल्या, आणि त्यांच्या धाडसाला कमी लेखण्याचा अधिकार मला नाही. पण पक्षाने आकड्यांची उद्दिष्टं ठरवली. पक्षाच्या सदस्याने बायकोचा बुरखा उतरवून दाखवायचा, ती त्याच्या निष्ठेची परीक्षा. त्या बाईला काय हवंय हे नवऱ्याने आधीही विचारलं नव्हतं, पक्षानेही विचारलं नाही. सभा संपल्यावर पक्षाचे अधिकारी निघून गेले आणि ती बाई मोहल्ल्यात एकटी राहिली. पुढच्या दोन-तीन वर्षांत दोन हजारांच्या आसपास स्त्रिया मारल्या गेल्या असा इतिहासकारांचा अंदाज आहे. नूरखॉन नावाच्या तरुण नर्तिकेला १९२९ मध्ये तिच्या सख्ख्या भावाने भोसकलं. खुनी भाऊच, नवराच, शेजारीच होते; त्यांचा गुन्हा कुणाच्याही राजकारणाने हलका होत नाही. पण बाईला ढालीसारखं पुढे करून मागे उभं राहणाऱ्या राज्याचीही जबाबदारी आहे.

आणि ज्यांनी ही सुधारणा आतून, सावकाश, लोकांना बरोबर घेऊन करायची म्हटली होती त्यांचं काय झालं? फितरत, चोलपान, कादिरी या तिघांना ऑक्टोबर १९३८ मध्ये ताश्कंदमध्ये गोळ्या घातल्या. उझबेकिस्तानच्या सरकारचा प्रमुख फैजुल्ला खोजायेव, जो स्वतः जदीदांतूनच आला होता, त्याला त्याच वर्षी मार्चमध्ये मॉस्कोच्या खटल्यानंतर मारलं. आरोप 'बूर्झ्वा राष्ट्रवादा'चा. मुल्लांनी ज्यांना धर्मद्रोही म्हटलं, पक्षाने त्यांनाच देशद्रोही म्हटलं. दोघांनाही अडचण एकाच गोष्टीची होती: हे लोक परवानगी न घेता विचार करत होते.

मग १९४३ मध्ये, युद्धात लोकांची गरज पडली तेव्हा, ताश्कंदला मध्य आशियाच्या मुस्लिमांचं अधिकृत धार्मिक मंडळ स्थापन झालं. युद्ध संपल्यावर बुखाराचा मीर-ए-अरब मदरसा पुन्हा उघडला. म्हणजे आज्ञाधारक मुफ्ती चालला, स्वतंत्र सुधारक चालला नाही. ज्यांना वाटतं की सत्तेने वरून डंडा चालवला की समाज सुधारतो, त्यांनी या क्रमाकडे नीट पाहावं. डंडा आधी सुधारकाच्याच डोक्यात बसतो.

भूगोल असेल तरच हक्क

१९३६ च्या संविधानाने प्रत्येक संघ प्रजासत्ताकाला वेगळं होण्याचा हक्क दिला. तातारांनी विचारलं, आम्ही संख्येने एवढे मोठे, आम्हाला संघ प्रजासत्ताकाचा दर्जा का नाही? स्टालिनचं उत्तर असं की तुमच्या चारही बाजूंना सोव्हिएत भूमी आहे. वेगळं व्हायचं म्हटलं तरी जाणार कुठे? म्हणून तो हक्क तुम्हाला देण्यात अर्थ नाही. १९८९ मध्ये तातार साडेसहासष्ट लाखांच्या आसपास होते आणि एस्टोनियन दहा लाख. एस्टोनिया संघ प्रजासत्ताक, तातारस्तान दुय्यम. अर्थात ज्यांना हक्क होता त्यांनाही तो वापरायची रीत कुठे लिहिलेली नव्हती, आणि तशी मागणी करणं हाच गुन्हा होता.

आता क्रिमिया. १८ मे १९४४ च्या पहाटे सैनिकांनी दारं ठोठावली. तीन दिवसांत सुमारे एक लाख नव्वद हजार क्रिमियन तातार मालगाड्यांत कोंबून बहुतेक उझबेकिस्तानात पाठवले गेले. आरोप: जर्मनांना मदत केली. काहींनी केलीही होती, इतर समाजांतल्या काहींनी केली तशीच. पण हुकूम माणसांवर नव्हता, रकान्यावर होता. तान्ही मुलं, म्हाताऱ्या, पक्षाचे सदस्य, सगळे. लाल सेनेत लढलेल्या तातार सैनिकांनाही युद्धानंतर त्याच वस्त्यांत धाडलं. त्याआधी फेब्रुवारीत चेचेन आणि इंगुश, सुमारे पाच लाख, असेच हलवले होते. वाटेत आणि पहिल्या वर्षांत माणसं हजारोंनी मेली. १९४८ च्या हुकमाने ही हद्दपारी कायमची ठरवली; वस्ती सोडून पळाल्यास वीस वर्षं सक्तमजुरी.

चेचेनांना १९५७ मध्ये परत जाता आलं. क्रिमियन तातारांना नाही. १९६७ मध्ये त्यांच्यावरचा सरसकट आरोप मागे घेतला गेला, तो हुकूम वाचण्यासारखा आहे. त्यात त्यांना क्रिमियन तातार म्हटलेलंच नाही. 'पूर्वी क्रिमियात राहत असलेले तातार राष्ट्रीयतेचे नागरिक' असं म्हटलंय. पुढच्या जनगणनांतही त्यांना इतर तातारांतच मोजलं. ज्या राज्याने शंभर समूहांना नावं वाटली, त्यानेच एका अख्ख्या समाजाचं नाव यादीतून काढलं.

पण त्या लोकांनी काय केलं तेही ऐका, कारण या सगळ्या कहाणीत आपल्याला शिकण्यासारखं सर्वांत जास्त इथे आहे. त्यांनी बंदूक उचलली नाही. वस्त्यावस्त्यांत समित्या केल्या, प्रतिनिधी निवडले, आळीपाळीने मॉस्कोला पाठवले, खर्चासाठी वर्गणी काढली. १९६६ मध्ये पक्षाच्या अधिवेशनाला पाठवलेल्या अर्जावर लाखाहून जास्त सह्या होत्या. हद्दपारीच्या वेळी तान्हा असलेला मुस्तफा जेमिलेव पुढे वर्षानुवर्षं तुरुंगात राहिला, १९७५-७६ मध्ये ३०३ दिवस उपोषणावर होता; नळीने जबरदस्तीने अन्न भरून त्याला जिवंत ठेवलं. त्यांच्या बाजूने उभा राहिलेला सर्वांत मोठा माणूस प्योत्र ग्रिगोरेंको हा युक्रेनी होता, लाल सेनेचा जनरल. त्याला वेड्यांच्या इस्पितळात डांबलं. १९८७ मध्ये तातार थेट लाल चौकात येऊन बसले. नोव्हेंबर १९८९ मध्ये राज्याला मान्य करावं लागलं की हद्दपारी बेकायदेशीर होती. नाव, गाव, घर परत मिळवायची ही लढाई त्यांनी स्वतः बांधलेल्या संघटनेने लढली.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप: 'हा स्टालिनचा दोष, व्यवस्थेचा नाही.' स्टालिन १९५३ मध्ये गेला. १९६७ चा नाव पुसणारा हुकूम ब्रेझनेवच्या काळातला. डिसेंबर १९८६ मध्ये कझाकस्तानचा कझाक प्रमुख कुनायेव याला काढून कझाकस्तानाशी संबंध नसलेला कोल्बिन मॉस्कोने आणून बसवला आणि विरोधात अल्माटीच्या रस्त्यावर उतरलेल्या तरुणांना झोडपलं, ते गोर्बाचेवच्या काळातलं. सत्ताधीश बदलत गेले, निर्णय घेण्याची जागा बदलली नाही.

दुसरा: 'साम्राज्यवादी देशांनी याहून वाईट केलं.' केलं. अल्जीरियात फ्रान्सने काय केलं, आपल्याकडे इंग्रजांनी काय केलं, हे कुणी विसरायला सांगत नाही. पण मुक्तीचं वचन देणाऱ्याला मुक्तीच्याच मापाने मोजायचं असतं.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: 'मार्च १९९१ च्या सार्वमतात मध्य आशियातल्या पाचही प्रजासत्ताकांनी नव्वद टक्क्यांहून जास्त मतांनी संघ टिकवायला कौल दिला. दडपलेले लोक असं करतात का?' मतदान कसं घेतलं जायचं हा प्रश्न बाजूला ठेवू. संघातून त्यांना पगार, पेन्शन, दवाखाने, शाळा मिळत होत्या. त्या तुटण्याची भीती खरी होती, आणि नव्वदच्या दशकात ती खरी ठरलीही. पण हा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. मुस्लिम समाजांना देश फोडायचा नव्हता. सुलतान गालियेवलाही नव्हता. त्यांना त्याच देशात बरोबरीने बसायचं होतं. संशय कायम त्यांच्यावर, आणि संघ मोडायचा निर्णय डिसेंबर १९९१ मध्ये आधी बसून कुणी घेतला? रशिया, युक्रेन आणि बेलारूसच्या नेत्यांनी. तेव्हाही मध्य आशियाला विचारलं नव्हतं.

याद्या इथेही आल्या होत्या

हा इतिहास दूरचा वाटत असेल तर दोन धागे सांगतो. भारतीय कम्युनिस्ट पक्षाची पहिली स्थापना ऑक्टोबर १९२० मध्ये ताश्कंदलाच झाली. मानवेंद्रनाथ रॉय यांच्याभोवती जमलेल्यांत हिजरत करून भारतातून निघालेले मुस्लिम तरुण होते. आणि १९४२ मध्ये पक्षाने पाकिस्तानच्या मागणीवर जी भूमिका घेतली ती मांडली आपल्या पनवेलच्या गंगाधर अधिकारी यांनी. बर्लिनला रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेला हा विद्वान, प्रामाणिक माणूस. स्टालिनची व्याख्या हाती घेऊन भारतातल्या राष्ट्रीयतांची यादी झाली: पठाण, सिंधी, पश्चिम पंजाबी, बंगाली, महाराष्ट्रीय वगैरे.

त्या यादीत कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या मुसलमानाने कुठे बसायचं होतं? पश्चिम पंजाबी वेगळे धरताना तिथल्या मुस्लिम बहुसंख्येचा विचार झाला. महाराष्ट्रीय म्हणताना भाषेचा. घरात दखनी किंवा कोकणी, शाळेत मराठी, मशिदीत अरबी असलेला माणूस मापात बसत नाही, समरकंदचा ताजिक बसला नाही तसाच. हेतू वाईट नव्हता. पक्षाने पुढे ती भूमिका सोडूनही दिली. पण यादी दुसऱ्याने करायची आणि आपण आपला रकाना शोधायचा, ही सवय कुठल्याच रंगाच्या राजकारणात अजून गेलेली नाही.

चीनने सोव्हिएत नमुना थोडा बदलून घेतला: ५६ राष्ट्रीयता, ओळखपत्रावर त्यांची नोंद, १९५५ पासून शिनजियांगला उइगर 'स्वायत्त प्रदेश' हे नाव, मात्र वेगळं होण्याचा हक्क कागदावरही नाही. २०१७ पासून तिथे जे सामूहिक स्थानबद्धतेचं सत्र चाललं, ते मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये नोंदवलं. प्रदेशाच्या नावात उइगर शब्द आजही शाबूत आहे.

म्हणून डाव्या मित्रांना विचारायचं: यादी कुणी केली, आणि यादीतल्या माणसाला 'नाही' म्हणता येत होतं का? आणि मोहल्ल्यातल्या मित्रांना विचारायचं: जदीदांना गोळी घालणारा पक्ष दीनचा दुश्मन, तर त्यांना काफिर म्हणून वाळीत टाकणारे कोण होते? दोघांनाही हे प्रश्न आवडणार नाहीत.

कुठलंही सरकार, पक्ष किंवा जमात आपल्याला ओळख देऊ लागली, मंडळ, महामंडळ, दिन, पुतळा, सेल, तर आपण तीन गोष्टी तपासायच्या. आपला प्रतिनिधी आपण निवडला की त्यांनी नेमला? आपल्यातल्या बाईला स्वतःचं म्हणणं मांडता येतं की तिच्या वतीने दोन्हीकडचे पुरुष बोलतात? आणि दिलेली गोष्ट उद्या काढून घेतली तर कोर्टात, रस्त्यावर, मतपेटीत भांडायला आपली स्वतःची संघटना आहे का? तिन्हींची उत्तरं नाही अशी असतील तर मिळालंय ते फक्त नाव. क्रिमियन तातारांकडे तर १९६७ नंतर नावही नव्हतं. त्यांच्याकडे समित्या होत्या, वर्गणीच्या पावत्या होत्या आणि सह्यांचे कागद होते. परत गेले ते त्यांच्याच जोरावर.